मडगार्डची कड

मडगार्डची कड मी अपघातानंतर वळवली, आधी नव्हे. हे वाक्य मी आजवर कुणापुढे उच्चारलेलं नाही. बायकोपुढे नाही, आणि ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या उस्तादांपुढे तर नाहीच. ते गेले तेव्हा मी उशाशी होतो.

तेव्हा मी चिंचवडात, मुंबई रस्त्याला लागून असलेल्या एका गॅरेजात मिस्त्री होतो. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड आणि गाडीखाली उतरायचा खड्डा. पिंपरीकडे निर्वासितांच्या बराकी उभ्या राहिल्या होत्या, त्यांच्या आसपास कारखान्यांच्या भिंती उठू लागल्या होत्या, आणि ज्यांची जमीन त्यात गेली त्यांच्यातल्या एकांच्या दारात मोटार आली होती. त्यांना आम्ही मालक म्हणायचो. मोटार कुणा गोऱ्या साहेबाची, जुनी, कापडी टपाची आणि भलतीच उंच. मालकांची आई गुडघ्यांनी अधू. फूटबोर्डापर्यंत तिचा पाय पोचत नसे. दर खेपेला ड्रायव्हर घरातून स्टूल आणायचा, म्हातारीला दंडाला धरून वर चढवायचा, आणि वेशीवरची रिकामी माणसं तमाशा बघितल्यासारखी बघत बसायची.

"मिस्त्री, गाडी खाली घ्या," मालक एक दिवस म्हणाले. "चैत्रात देवीला जायचंय. आई आपल्या पायानं बसाय पायजे गाडीत."

उस्ताद त्या महिन्यात लेकीच्या बाळंतपणासाठी मिरजेला गेले होते. उस्ताद आल्यावर बघू, असं मला मालकांना सांगता आलं असतं. नाही सांगितलं. उस्तादांशिवाय एक तरी काम आपलं म्हणून व्हावं, असं मला फार दिवस वाटत होतं.

गाडीचं वजन पाट्यांवर तोलतं. पाटे म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, धनुष्यासारख्या वाकलेल्या. पुण्याच्या जुन्या बाजारातून मी एका हलक्या गाडीचे, कमी बाक असलेले पाटे आणून चढवले. गाडी चांगली चार बोटं खाली आली. इथपर्यंत ठीक होतं. पण गाडी खाली आली की चाक आणि मडगार्ड यांच्यातली जागा कमी होते, म्हणून टायर बारीक घ्यावा लागतो. जुने टायर गुळगुळीत झालेच होते. दुकानात दोन मापं होती. एक जुन्यापेक्षा बारीक, आणि दुसरं लष्करी लिलावातून आलेलं, जाडजूड. मी मालकांना बारीक जोडी दाखवली.

"हे काय, सायकलचे का?" मालक हसले. "लोक काय म्हणतील राव? ते जाड नाही का बसायचे?"

बसायचे नाहीत, हे मला माहीत होतं. मी म्हणालो, "बसतील की."

आमच्या गॅरेजात पाट्यांचं काम केलं की गाडी भरून बघायची रीत होती. मडगार्डच्या आतल्या कडेला खडू घासायचा, समोरच्या चहावाल्याकडची गिऱ्हाइकं आणून गाडीत बसवायची, आणि सगळ्यांनी मिळून ती वरखाली हिंदकळायची. टायरला खडू लागला तर काम चुकलं. जाड टायर चढवून मी चौघांना बसवलं. खडू लागला नाही. पण गाडीची पहिली मोठी फेरी देवाला जाते आणि त्या फेरीला भावकीतल्या कुणालाही नाही म्हणत नाहीत, हे मला ठाऊक होतं. मी बसायच्या जागा मोजल्या, माणसं मोजली नाहीत.

जत्रेच्या आदल्या दिवशी ड्रायव्हर गाडी घेऊन आला. पन्नाशीकडे झुकलेला, गावातलाच, लष्कराच्या ट्रकवर शिकलेला माणूस. हॉर्नसुद्धा विनाकारण वाजवायचा नाही.

"मिस्त्री, वळणाला मागनं घासतंय. रबराचा वास बी येतोय."

"नवे पाटे आहेत. बसतील हळूहळू."

"पाटं बसलं तर आनिक खाली येईल न्हवं?"

तो बरोबर बोलत होता. मी हसण्यावारी नेलं. "दादा, तुम्ही स्टेअरिंग सांभाळा, खालचं मी बघतो."

मग मी छिन्नी घेतली आणि मागच्या दोन्ही मडगार्डची कड आतून कापून काढली. पत्रा कापला की कापलेली कड तारेवर ठोकून आत वळवायची असते, नाहीतर ती पात्यासारखी राहते. डावीकडची वळवली. तेवढ्यात मालकांचा निरोप आला, गाडी लगेच पाठवा, बाजार करायचाय. उजवीकडची तशीच ठेवली. जत्रेवरून आली की करू, असं मनात म्हटलं. ड्रायव्हरला म्हणालो, "झालं. आता नाही घासणार."

"तुमी म्हनताय तर झालं," तो म्हणाला, आणि गेला.

सकाळी मीही वेशीवर गेलो होतो, खास बोलावणं होतं म्हणून. म्हातारी स्टुलाशिवाय, कुणाचा हात न धरता गाडीत बसली. बसल्यावर म्हणाली, "ही तर म्हशीवानी बसलीया की रं! आता हिलाच उठवाय मानूस लागंल." सगळे हसले. मग भावकी चढू लागली. बायका, पोरं, नैवेद्याच्या टोपल्या. फूटबोर्डावर दोघं उभे राहिले. मागची चाकं मडगार्डमध्ये शिरल्यासारखी दिसत होती.

"मालक, लई भरली," ड्रायव्हर म्हणाला. "दोन फेऱ्या करू."

"देवाच्या गाडीतनं कुनाला उतरवू? तूच उतर, जा!"

पुन्हा हशा झाला. मीही हसलो. पुढे होऊन एक शब्द बोलायचा होता, तो मी बोललो नाही. सगळ्या गावासमोर माझं काम चुकलं असं मला म्हणावं लागलं असतं.

मोशीच्या अलीकडे, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, उजवा मागचा टायर फुटला आणि गाडी चारीत जाऊन कलंडली. निरोप आला तसा मी ट्रक आणि जॅक घेऊन निघालो. पोलीस यायचे होते. म्हातारी बाभळीखाली होती, लुगडं तोंडावर ओढलेलं. बाकीच्यांची हाडं मोडली होती, पण जीव एकटा तिचाच गेला. ड्रायव्हर हात पोटाशी धरून बसला होता.

"मिस्त्री, म्या हळूच व्हतो. घासत व्हतं ते बघा तेवढं."

"बघतो," मी म्हणालो.

मी बघितलं. कापलेल्या कडेवर रबर चिकटलं होतं, आणि टायर बाजूने लांबच लांब चिरला होता. मी हत्यारांची पिशवी उघडली. रबर फडक्याने पुसलं, पक्कड आणि हातोडी घेतली, आणि ती कड वळवली. माणसं जखमींभोवती होती. मला कुणी विचारलं नाही. मिस्त्री काहीतरी करतोय, एवढंच त्यांना दिसलं. आदल्या दिवशी ज्याला वेळ नव्हता ते काम अगदी थोडक्या वेळात झालं, आणि चांगलं झालं.

हवालदाराने विचारलं, "गाडीत काही खोट?"

"नाही साहेब. कालच तपासून दिली होती. उतारावर वेग जास्त झाला असेल."

कोर्टातही मी हेच बोललो. तोवर गावात दारूचं बोललं जाऊ लागलं होतं, कारण जत्रा होती. तो माणूस पीत नव्हता. त्याला शिक्षा झाली, लायसन गेलं, आणि ज्या मालकांच्या घरी तो स्वयंपाकघरापर्यंत जायचा त्यांनी पुन्हा त्याचं तोंड पाहिलं नाही. उस्ताद परत आल्यावर गॅरेजात आणून टाकलेल्या त्या गाडीवरून त्यांनी हात फिरवला. उजव्या मडगार्डच्या आत बोट घालून म्हणाले, "कड बरी वळवलीस." त्यांनी माझं केलेलं तेवढं एकच कौतुक.

सुटून आल्यावर ड्रायव्हर रहाटणीला वीटभट्टीवर लागला. पुढे माझं स्वतःचं गॅरेज झालं. त्या बाजूला जायची वेळ आली की मी थेरगावकडून वळसा घालायचो. तरी एकदा बाजारात समोरासमोर आलोच. तो म्हातारा दिसत होता. मी कसाबसा नमस्कार केला. त्याने मला बाजूला घेतलं.

"मिस्त्री, एक इचारू? रागावू नगा. तवा माझा वेग व्हता का हो जास्ती? मला आठवतंय ते हळूच. पर समदे म्हनत्यात, पोरं बी म्हनत्यात. आसंलही. मानसाला काय कळतं आपलं."

मी म्हणालो, "जाऊ द्या दादा, जुनं झालं."

तो मान हलवून निघून गेला.

हे मी लिहून काढलं, पण ड्रायव्हरदादांना वाचता येत नाही. ते अजून हयात आहेत. रहाटणीला जाऊन, त्यांच्या मुलांच्या आणि त्या मालकांच्या देखत मला त्यांना सांगायचं आहे, की वेग तुमचा नव्हता, चूक माझी होती, आणि ती मी लपवली. एवढं मी त्यांचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.