जावईबुवांनी पाणी पिलं

पुण्याहून आलेल्या साहेबांच्या डोळ्यांदेखत आमच्या जावयांनी आधी स्वतःचा गिलास रिकामा केला. मग साहेबांनी पेनाच्या टोकानं बाजूला सारलेला गिलास उचलला, तोही घटाघटा पिऊन टाकला, मिशीवरचं पाणी रुमालानं टिपलं आणि घरच्या बाईला म्हणाले, "पाणी लई गोड हाय, अक्का." साहेबांचा हात बॅगेत गेला होता तो तिथंच राहिला. आमच्या जावयांचा धंदा पाणी शुद्ध करायची मशीनं विकायचा. लोकांच्या घरचं पाणी म्हणजे विष, हे पटवून देण्याचा त्यांना पगार होता. त्या कामाला त्यांच्याइतका नालायक माणूस अख्ख्या मराठवाड्यात शोधून सापडला नसता, आणि कंपनीला तो नेमका सापडला होता.

जावई मूळचे लोह्याकडचे. माझी लेक नांदेडला शाळेत शिकवते, नात तिच्याजवळ. कंपनीनं जावयांना लातूर दिलं म्हणून ते माझ्याकडं राहिले. सासूच्या घरी राहणारा जावई म्हणजे गल्लीला फुकटचा तमाशा. समोरची बाई येता-जाता विचारायची, "काकू, जावई अजून हायत का?" मी म्हणायची, "हायत. तुमच्या घरचं काय खातेत?" जावयांच्या कानावर हे जायचंच. म्हणून ते एका खुर्चीवर डोळे लावून बसले होते. नांदेडच्या ऑफिसात टीम लीडरची जागा रिकामी होती. लातूरचं टार्गेट पुरं केलं तर ती जागा आणि रोजचं जेवण स्वतःच्या घरी. नाही केलं तर नोकरीच नाही. रविवारी नांदेडहून निघताना नात बसस्टँडवर रडायची, आणि हे खिडकीतून सांगायचे, "बस, बाळा, हा शेवटचा महिना." असे शेवटचे महिने पुष्कळ झाले.

सकाळी आठला त्यांच्या फोनमधून एक माणूस ओरडायचा, "कोण आहोत आपण?" आणि आमचे जावई माझ्या अंगणात बनियनवर, अर्धी दाढी झालेली, मूठ वर करून ओरडायचे, "वाघ!" "काय खातो आपण?" "टार्गेट!" एकदा त्या आवाजानं शेजारचं मांजर भिंतीवरून खाली पडलं. मी आतून विचारायची, "वाघाला पोहे करू का उप्पीट?" "पोहे करा, मामी. शेंगदाणे जास्त टाका." मग टाय बांधून निघायचे. लातूरच्या उन्हात टाय बांधून फिरणारे दोनच, एक आमचे जावई आणि दुसरी इंग्रजी शाळेतली पोरं. पोरांना दुपारी सुटी तरी असते. दर तासाला आपण कुठं आहोत याचा फोटो कंपनीच्या ग्रुपवर टाकावा लागे. दार उघडलं तर दाराचा, नाही उघडलं तर कुलपाचा. जावयांच्या फोनात गावातली इतकी कुलपं होती की फोन हरवला असता तर पोलिसांनी यांनाच आत टाकलं असतं.

कंपनीनं पुण्याला नेऊन त्यांना पुष्कळ काही शिकवलं होतं. गिऱ्हाईक 'नाही' म्हणालं तर ते 'नाही' नसतं, 'अजून समजावून सांगा' असतं. असं बाईमाणसाबद्दल बोललं तर चपला पडतील, मशिनीबद्दल बोललं तर बक्षीस मिळतं. पण पहिला नियम पाण्याचा. गिऱ्हाइकाच्या घरचं पाणी पिऊ नये. गिलासाला हातही लावू नये, पेनानं बाजूला सारावा, मग गिऱ्हाइकाकडं बघत थोडं थांबावं. तेवढ्यानं म्हणे अर्धं मशीन विकलं जातं.

याची तालीम माझ्यावर चालायची. मी गिलास घेऊन यायची. जावई पेन काढायचे, गिलास सरकवायचे आणि दुःखी चेहरा करून माझ्याकडं बघायचे. चेहरा फार छान जमायचा, घरात कोणी गेल्यासारखा. मग मी समोर उभीच आहे हे बघून गडबडायचे आणि गिलास उचलून पिऊन टाकायचे.

"जावईबुवा, पिलात."

"हाव की, मामी. परत एकदा."

परत एकदा तेच. तालमीच्या दिवशी त्यांना जेवण जायचं नाही, पोटात नुसतं पाणी डुचमळायचं.

बाहेर याहून वाईट. लातुरात पाण्याचं मशीन विकायचं तर आधी पाणी पाहिजे. जावई दाखवण्यापुरतं पाणी कॅनमधून घरूनच न्यायचे. एका घरी त्याचा चहाच टाकला, आणि पहिला कप यांनाच दिला. दुसऱ्या एका घरी हे मशीनचे फायदे सांगत असताना नळ आला. आमच्याकडं नळ आला की बायका देवालासुद्धा सोडून उठतात. ही तर पळालीच. जावयांनी टाय खांद्यावर टाकला, पाइप धरला, टाकी भरली, रांजण भरले, शेजारणीचे ड्रमही भरून दिले. बाईनं त्यांना बसवून जेवू घातलं. मशीनचं विचारलं तर म्हणाली, "बघूत की, दादा." आमच्याकडं कोणी तोंडावर नाही म्हणत नाही, 'बघूत' म्हणतात. म्हणणाऱ्याला कळतं, ऐकणाऱ्याला कळतं, विषय संपतो. पण पुण्याच्या साहेबांनी फोनवर विचारलं की हे खरं तेच सांगायचे, "बघूत म्हणाले, साहेब." साहेब तिकडं खूश. पुण्याच्या हिशेबानं निम्मं लातूर मशीन घेणार होतं.

कंपनीची एक जादूही होती. लोखंडाच्या दोन कांड्या विजेला जोडून घरच्या पाण्यात बुडवायच्या, की पाणी काळंपिवळं होतं आणि बाई घाबरते. घाबरलेल्या बाईला मशीन विकायचं, असा बेत. जावई जादू मन लावून करायचे. पण बाई खरंच घाबरली की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. "भिऊ नका, अक्का," म्हणायचे, "लोखंड उतरलंय नुसतं. तुमच्या पाण्याला काय न्हाई झालं." मग बाई त्यांना चहा द्यायची.

नात्यात मात्र लोक त्यांना भिऊन होते. माझा नव्वदी ओलांडलेला दीर वारला तेव्हा लेक, जावई आणि मी भेटायला गेलो. जावई बराच वेळ मान खाली घालून बसले. मला वाटलं, चला, आज तरी सुटलो. तेवढ्यात दिराच्या मुलाकडं झुकून हळूच विचारते झाले, "शेवटी-शेवटी नळाचंच पाणी पीत होते का?" सासूनं जावयाला चिमटा काढायचा नसतो. म्हणून मी लेकीला काढला, तिनं तो पुढं पोचवला.

एकदा जेवताना मी सरळ विचारलं, "एवढा एक गिलास नाकारता येईना का तुम्हाला?"

त्यांनी भाकरी मोडली. म्हणाले, "मामी, कंपनीला काय माहीत. आपल्याकडं पाणी नको म्हणलं की समोरचा मनात विचारतो, का नको? आमच्या हातचं चालंना का? एकदा हे त्याच्या मनात आलं, मग मशीन घेतलं काय अन् न घेतलं काय."

मी आमटी वाढली.

महिना संपत आला, टार्गेट तसंच राहिलं, आणि साहेबांनी कळवलं, मी लातूरला येतो, माझ्यासमोर एक मशीन विकून दाखवा. विकलं तर नांदेड. मीच म्हणलं, एक घर आहे. पलीकडच्या गल्लीत एक बाई क्लासला आलेल्या पोरांची खानावळ चालवते. पोरांचे आईबाप आले की आधी विचारतात, पाणी कुठलं देता? त्यामुळं तिला मशीन पाहिजेच होतं, जवळजवळ ठरलंच होतं. ती बाई कोणत्या समाजाची, हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी तोंडानं बोलत नाही. बायका तिच्याशी हसून बोलतात, पण तिनं चहा विचारला की सगळ्यांनी तो आत्ताच घेतलेला असतो. एवढा चहा आमच्या बायका खरंच पीत असत्या तर दूधवाल्यानं बंगला बांधला असता. मी तिच्याकडं चहा घेते. आलं जरा जास्त टाकते, बाकी चांगला करते.

आम्ही तिघं गेलो. साहेब आणि जावई खुर्च्यांवर, मी सतरंजीवर भिंतीला टेकून. बाईनं पाणी आणलं. हातात दिलं नाही, टेबलावर ठेवलं आणि मागं सरकून उभी राहिली. नवा माणूस असला की ती असंच करते. साहेबांनी पेन काढलं, टोकानं गिलास लांब सारला आणि तिच्याकडं बघत थांबले. मग म्हणाले, "सॉरी मॅडम, हे पाणी आम्ही नाही पिऊ शकत."

साहेबांच्या मनात तसलं काही नव्हतं, हे मी कुठंही सांगीन. ती कोण, कुठली, त्यांना पत्ताच नव्हता. ते सगळ्यांचाच गिलास असा सारत असणार. पण हे तिला कुठून कळावं? तिनं साहेबांकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. पदर नीट केला आणि म्हणाली, "असू द्या." ट्रे उचलायला वाकली, आणि जावयांनी हात घातला. दोन्ही गिलास कसे रिकामे झाले ते मी आधीच सांगितलं. त्यावर ते आणखी म्हणाले, "अजून हाय का, अक्का? ऊन लई हाय बाहेर." बाई आत गेली, तांब्या भरून घेऊन आली आणि या खेपेला तो तिनं त्यांच्या हातात दिला.

साहेबांनी तरीही बोलून पाहिलं. कांड्या काढल्या, सवलतीचं सांगितलं, ऑफर आजच्या दिवसापुरती आहे म्हणाले. बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मशीन नको, साहेब." बघूत नाही, नको. आमच्या भागात गिऱ्हाइकाच्या तोंडून तो शब्द मी तेव्हाच ऐकला.

गल्लीत आल्यावर साहेबांचा आवाज चढला. "तुम्ही सेल्समन आहात की पाहुणे?"

"साहेब, आत गेल्यावर पाहुणाच असतो की माणूस," जावई म्हणाले. उलटून बोलले नाहीत. त्यांना वाटलं, साहेब खरंच विचारतायत.

घरी येऊन टाय सोडतात तोवर फोन वाजला. ग्रुप बघून म्हणाले, "मामी, मला वाघांतून काढलं."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेले. सासूनं असं जायची रीत नाही, पण बॅगा दोन होत्या आणि माझं घरी काही अडलं नव्हतं. जायचं नांदेडलाच होतं, फक्त खुर्ची नव्हती. बस लागली तरी ते चढेनात.

"मामी, तिला काय सांगू?"

"खरं ते सांगा."

"ती म्हणील, स्वतःचा पिलात तो पिलात, साहेबांचा कशाला पिलात?"

"तहान लागली होती म्हणा."

ते हसले, मग हसू पुरलं नाही, मग बॅगा उचलून चढले. लेक माझ्याशी बरेच दिवस तुटक बोलली, ते घर मीच दाखवलं म्हणून. तिचं चूक नव्हतं. आता जावई नांदेडला एका पाइपांच्या दुकानात काउंटरवर उभे असतात. पगार पहिल्यापेक्षा कमी. घर लेकीच्या पगारावर चालतं, आणि ती हे त्यांना बोलून दाखवत नाही, मला दाखवते. नात आता रविवारी रडत नाही.

मी खानावळीत चहाला बसले की ती बाई विचारते, "जावई बरे हायत ना, काकू?" बरे आहेत म्हणते. गल्लीतल्या बायका हा किस्सा मला पुन्हा-पुन्हा सांगायला लावतात आणि पोट धरून हसतात, मीही रंगवून सांगते. त्यात माझं काही गेलं नाही. साहेबांचंही नाही, ते संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला परत गेले. मी सतरंजीवर बसून नुसतं बघत होते. नोकरी गेली ती जावयांची.