तीन पाण्यांत धुतलेली खारी

चतुराबाईंचा दिवस पावणेचारला सुरू होतो. अलार्म नाही. डोळे उघडतात, पाय जमिनीला टेकतात, गॅस पेटतो. आधी एक भाकरी बिनमिठाची होते, ती खारीची. मग मीठ घातलेल्या दोन, त्या डब्याच्या. हा क्रम चुकत नाही. उशीर झाला तर डबा राहतो, खारीची भाकरी राहत नाही.

खारी म्हणजे त्यांची कुत्री. तांबूस रंग, एक कान उभा, एक पडलेला.

चाकणच्या अलीकडे कुरुळीत पत्र्याच्या खोल्यांची एक रांग आहे. शेवटची खोली चतुराबाईंची. समोर माझं घर. मी भोसरीत फोर्जिंगच्या कारखान्यात हॅमरवर होतो. आता रिटायर आहे. झोप पहाटेच संपते, म्हणून समोरची भांडी मला रोज ऐकू येतात.

त्या मूळच्या निलंग्याकडच्या. नवरा चाकणला कामाला होता, त्याच्यामागे आल्या. तो वारला. मुलगी लग्न होऊन सासरी गेली. चतुराबाई इथेच राहिल्या आणि कंत्राटावर एका कंपनीत लागल्या. काम बर काढायचं. यंत्रातून पार्ट निघाला की त्याच्या कडेला धारदार कोर राहते, तिला बर म्हणतात. ती कानशीने घासून काढायची, मग कडेवरून अंगठा फिरवायचा. अंगठ्याला काही लागलं तर पुन्हा कानस. मग पार्ट तीन टबांत धुवायचा. दिवसभर उभ्याने. मी चाळीस वर्षं कारखान्यात काढली. सांगतो, हे काम दिसतं त्याहून जड आहे. संध्याकाळी अंगठा सुजतो आणि पोटऱ्या दगडासारख्या होतात.

खोल्यांपासून हायवेपर्यंतचा रस्ता मोकळ्या प्लॉटांमधून जातो. कंपनीची बस हायवेच्या कोपऱ्यावर येते, अंधार असताना. पूर्वी त्या रस्त्याने चतुराबाई हातात कानस धरून चालायच्या. एकदा एक मोटरसायकलवाला शेजारून हळूहळू गाडी चालवत आला होता, तेव्हापासून. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर एक पिल्लू असायचं. पाव टाकला तर हुंगून सोडायचं, खारी टाकली तरच खायचं. चतुराबाई चहाबरोबरची अर्धी खारी त्याला द्यायच्या. ते मागे मागे घरी आलं. त्यांनी दोनदा परत नेऊन सोडलं. तिसऱ्यांदा ठेवून घेतलं.

आता खारी पुढे चालते, चतुराबाई मागे. बस आली, त्या चढल्या, की खारी वळते आणि माझ्या ओट्यावर येऊन बसते. संध्याकाळी बसची वेळ झाली की मला न विचारता उठून कोपऱ्यावर जाते.

एकदा मी म्हटलं, "चतुराबाई, फार लाड करता हिचे."

"उद्धवभाऊ," त्या म्हणाल्या, "मालक गेल्यावर मला स्टॉपपर्यंत सोडायला कोण आलं? नात्यातलं आलं? हीच आली. मी हिचं केलं तेवढं कमीच हाय."

करतातही नेटाने. कामावरून आल्यावर चहाच्या आधी खारीची तपासणी. कानात बघायचं, बोटांच्या फटीत बघायचं, गोचीड असली तर चिमट्याने मुळापासून उपटून साबणाच्या पाण्यात टाकायची. मग पार्टाच्या कडेवरून फिरवतात तसा अंगठा उलट्या केसांतून शेपटीपर्यंत. पाण्याचं मातीचं भांडं रोज घासायचं. वर्षाला रेबीजचं इंजेक्शन. मी माणसांची पोरं याहून कमी काळजीने वाढलेली पाहिली आहेत.

गेल्या वर्षी गणपतीच्या सुमाराला तो अंगठा कानामागे अडकला. कातडी खरखरीत लागली. आठवड्यात कोपर, मग पोट. केस गळाले, खपल्या धरल्या. खारी रात्रभर खाजवायची, पत्र्याला पाय आपटून आवाज यायचा. शेजारच्या स्वप्नालीच्या हातावर पुरळ उठलं आणि रांगेत कुजबुज सुरू झाली.

खोल्यांचे मालक जयसिंग. गावातले जुने. ते भाडं घ्यायला आले आणि दारातच थांबले.

"चतुराबाई, ही कुत्री न्हाई ठेवायची आता. समद्या खोल्यांची तक्रार हाय."

"बरी होईल, मालक."

"कदी? दिवाळीपातुर बरी झाली तर ऱ्हाऊ दे. न्हाईतर आमी गाडीत घालून लांब घाटात सोडून येतो. मग रडू नगं."

जयसिंग बोलतात ते करतात. चतुराबाईंना ते माहीत होतं. म्हणून त्यांनी घाई केली.

आमच्या पट्ट्यात खरूज लागलेल्या कुत्र्याला जळकं ऑइल लावतात. गाडीच्या इंजिनातून काढलेलं, काळं. कुणी सुरू केलं माहीत नाही, पण कारखान्यातल्या माणसाला ते पटतं. तयार पार्टला गंज चढू नये म्हणून आम्ही तेल लावतो. कातडी खराब होताना दिसली की हात तेलाकडेच जातो. चतुराबाईंनी हायवेवरच्या मन्सूरच्या गॅरेजमधून जळक्या ऑइलची बाटली आणली. बुधवारी कामावरून आल्यावर खारीला कानापासून शेपटीपर्यंत चोपडलं. हात राखून काम करणं त्यांना येत नाही. एक केस कोरडा ठेवला नाही.

गुरुवारी कंपनीला सुट्टी. सकाळी त्यांची हाक आली. त्या कधी हाक मारत नाहीत. मी गेलो तर खारी कोपऱ्यात पडलेली. तोंडातून लाळ, शेजारी काळसर ओकारी, अंग थरथरतंय. रात्रभर तिने ते तेल चाटलं होतं.

"माझ्याच हातानं," चतुराबाई म्हणाल्या.

मी मन्सूरला फोन केला. तो त्याचा छोटा हत्ती टेम्पो घेऊन आला, अंघोळही न करता. खारीचं काळं अंग बघून कपाळावर हात मारला.

"मावशी! तू तर म्हणालीस दाराच्या बिजागरीला पायजे!"

"खरं सांगितलं असतं तर दिलं असतंस का?"

"कशाला दिलं असतं? अगं, गिऱ्हाइकाच्या हाताला लागलं तर मी साबण देतो, आणि तू पोरीला न्हाऊ घातलंस! आणि मी पण येडा. बिजागरीला कुणी बाटलीभर नेतं का?"

"बोलू नका, उचला," मी म्हटलं.

मोशीत जनावरांच्या डॉक्टर आहेत, तेजस्विनी म्हणून, वयाने तरुण. त्यांनी जुन्या चादरीत गुंडाळलेली खारी टेबलावर घेतली, छातीला नळी लावली, हिरड्या पाहिल्या. कुणाला रागावल्या नाहीत.

"पोटात गेलंय त्याचं मी बघते. पण अंगावरचं आधी उतरायला हवं. कातडीतून आत जातंय आणि ती पुन्हा चाटणार. आज माझा मदतनीस आलेला नाही."

"मी धुते," चतुराबाई म्हणाल्या. "कसं धुवायचं तेवढं सांगा."

"आधी खायचं तेल चोळा, म्हणजे हे काळं सुटेल. मग भांड्यांचा पातळ साबण, कोमट पाणी. रगडायचं नाही, कातडी फाटेल. गार पडू द्यायची नाही. आणि रॉकेल वगैरे काही नको."

"किती बारी?"

"तेल निघतंय तोवर."

हे उत्तर चतुराबाईंना पुरलं. दवाखान्याच्या मागे नळ होता. त्यांनी मन्सूरला पाठवून तीन टब आणवले आणि ओळीने मांडले. कंपनीत पार्ट धुतात तसेच. पहिल्या टबात तेल सोडवायचं, दुसऱ्यात साबण, तिसऱ्यात नुसतं पाणी. पहिल्यातला हात तिसऱ्यात घालायचा नाही. तिसरा टब मळला की तो दुसरा होतो आणि नवीन पाणी तिसऱ्याला. मी पाणी तापवून देत होतो, मन्सूर खारीचं तोंड धरून बसला होता आणि तिच्याशी बोलत होता.

"बस बेटा, बस. मावशीनं पाप केलं, मावशीच धुते बघ."

"तोंड धर, बडबड करू नगंस."

पाच पाणी झाली. मला वाटलं, झालं. चतुराबाईंनी कमरेच्या पिशवीतून पांढरी चिंधी काढली आणि खारीच्या मांडीवर दाबली. चिंधीवर पिवळट डाग आला.

"पुन्हा," त्या म्हणाल्या.

मन्सूरने माझ्याकडे पाहिलं. मी पाणी तापवायला गेलो. असं वाकून काम करताना कंबर आधी जाते, मग गुडघे. त्यांनी एकदाही पाठ सरळ केली नाही. पुन्हा तिन्ही टब, पुन्हा चिंधी. कानाच्या घडीत, बोटांच्या फटीत, शेपटीच्या खाली. दुपार झाली तेव्हा चिंधी कोरी निघाली. त्यांनी ती उजेडात धरली, दोन्ही बाजूंनी पाहिली आणि मगच खारीला टॉवेलमध्ये घेतलं.

पुढचे काही दिवस सलाईन. खारीच्या गळ्यात फनेलसारखी प्लास्टिकची कॉलर, चाटू नये म्हणून. चतुराबाई शेजारी स्टुलावर. कंपनीतून सुपरवायझरचा फोन आला. मी तिथेच होतो.

"घरात आजारी हाय," त्या म्हणाल्या. "कोण म्हणजे? पोरगी. व्हय, सलाईन लावलंय. न्हाई, लगीन झालेली न्हाई ही. ही धाकटी."

फोन ठेवून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "खोटं काय बोलले?"

खारीने पहिल्यांदा मान उचलली ती उकडलेल्या भाताच्या वासाला. नंतर शेपूट एकदा हलली. चतुराबाईंनी डॉक्टरांसमोर हात जोडले. डॉक्टर म्हणाल्या, "मला काय जोडता? तुमच्या धुण्याने अर्धं काम केलं." मग त्यांनी मन्सूरसमोर जोडले. तो लाजून गॅरेज उघडायचं आहे म्हणून पळाला. तेवढ्यात मलाही जोडले. मी पाणी तापवण्यापलीकडे काही केलं नव्हतं, पण घरी आल्यावर बराच वेळ बरं वाटत राहिलं.

खरूज राहिलीच होती. डॉक्टरांनी कातडी किंचित खरवडून काचेवर घेतली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. चतुराबाईंनी डोळा लावला आणि मागे सरकल्या.

"अवो, हे तर चालतंय की!"

"तेच खाजवायला लावतंय. गोळीने मरतं. पण ही एकटी बरी होऊन भागणार नाही. हे किडे एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जातात. ही कुणात मिसळते?"

"गल्लीतल्या समद्यांत. सात हायत."

"मग दर महिन्याला परत लागेल. बांधून ठेवाल का?"

चतुराबाईंनी माझ्याकडे पाहिलं. बांधली तर पहाटे पुढे कोण चालणार, हे मला कळलं, डॉक्टरांना कळण्यासारखं नव्हतं.

"बांधत न्हाई," त्या म्हणाल्या. "त्या सातांच्या गोळ्या द्या."

"त्यांना तर मालक नाहीत ना?"

"न्हाईत. म्हणून तर मी म्हणते."

डॉक्टर म्हणाल्या, गोळी वजनावर असते, वजनं घेऊन या. रस्त्यावरच्या कुत्र्याचं वजन करायचं कसं? मन्सूरने वाट काढली. गॅरेजशेजारी भंगारवाल्याचा मोठा काटा आहे. मन्सूर एकेक कुत्रं कवेत घेऊन काट्यावर उभा राहायचा, मग एकटा. वजाबाकी माझ्याकडे. सातवं हाताला लागत नव्हतं, त्याचं वजन अंदाजाने लिहिलं. एका काळ्या कुत्र्याने त्याच्या शर्टाची बाही नेली.

"मावशी, ह्याला दोन गोळ्या दे. एक खरजेची, एक अकलेची."

"आधी तूच घे एक. बिजागरीवाला."

खाडे पडले होते, म्हणून चतुराबाईंनी ओव्हरटाइम मागून घेतला. सकाळची शिफ्ट संपली की पुढचे चार तास. खारी कॉलर लावून कोपऱ्यावर जायची, बस त्यांच्याविना येताना पाहायची आणि तिथेच बसून राहायची. मी बोलवायला गेलो तरी यायची नाही. मग मीही शेजारी बसायचो. दोघी भेटल्या की खारी कॉलरने त्यांच्या पोटऱ्यांना धडका द्यायची. त्या दुखऱ्या पोटऱ्यांवर त्या धडका घेत चतुराबाई घरापर्यंत यायच्या. एकदाही तिला ओरडल्या नाहीत.

दिवाळीच्या आदल्या गुरुवारी जयसिंग आले. खारीच्या अंगावर कोवळे तांबूस केस उगवले होते. त्यांनी वाकून पाहिलं, हात लावला, मग हात विजारीला पुसला.

"बरी झाली म्हनायची."

"झाली. तुमच्या कृपेनं."

"माजी कसली किरपा? मी तर घाटात सोडनार होतो."

"तुमी मुदत दिली, मालक. मुदत न्हाई दिली असती तर?"

जयसिंग जरा घुटमळले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आमचा टायगर बी लई खाजवतोय गं चार दिस. त्या गोळ्यांतली एक दे की त्याला."

"टायगरला मालक हाय," चतुराबाई म्हणाल्या. "त्याच्या मालकानं मोशीला जावं. डॉक्टरीणबाई लई चांगल्या हायत."

जयसिंग हसले. दुसऱ्या दिवशी टायगरला घेऊन मोशीला गेले.

त्या गुरुवारी दुपारी मन्सूरसकट आम्ही तिघं गल्लीत फिरलो. चतुराबाईंनी कोंबडीची कलेजी उकडून तिचे तुकडे केले होते. प्रत्येक तुकड्यात चीर, चिरेत गोळी. आधी एक साधा तुकडा, मग गोळीचा, लगेच तिसरा साधा, म्हणजे थुंकायला सवड नाही. काळ्याने तरी एकदा थुंकली. त्यांनी ती उचलून, पुसून, नव्या तुकड्यात घालून पुन्हा दिली. गिळल्याची खात्री करायला त्याच्या गळ्यावरून अंगठा फिरवला.

सातवं कुत्रं टपरीमागे, पाण्याच्या टाकीखाली राहायचं. म्हातारं, एका डोळ्याने आंधळं, माणसाजवळ न येणारं. चतुराबाई त्याच्यापासून चार हातांवर जमिनीवर बसल्या आणि तुकडे टाकत राहिल्या, दर वेळी थोडे जवळ. आम्ही लांब उभे. ते शेवटी आलं. खाल्लं. हात चाटला.

चतुराबाईंच्या त्या महिन्याच्या ओव्हरटाइमच्या पगारातून आल्या त्या मालक नसलेल्या सात कुत्र्यांच्या गोळ्या, आणि ती कलेजी.