गॅसमागची भिंत

ये, अशी जवळ बस, आणि चप्पल काढून बस. गंगापूर रोडवरून पंचवटीपर्यंत येतेस, धाकट्या काकूकडे तासभर रमतेस, आणि माझ्या दारात मात्र उभ्या उभ्या, "मोठी काकू, आज घाई आहे." एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहतो आम्ही जावा, तुझी घाई बरी माझ्याच बाजूला सुरू होते.

खरं सांगू, तिच्या ओट्यामागे त्या पिस्ता रंगाच्या टाइल्स लागल्या तेव्हापासून तुम्ही सगळ्या पुतण्या तिकडेच. मला ते बघवेना. ती दूध आणायला गेली की मी तिच्या स्वयंपाकघरात शिरायची आणि एकेक टाइल बोटांनी वाजवून बघायची. खाली माल नीट भरला नसेल तर टाइल पोकळ वाजते. एक तरी वाजावी. नाही वाजली मेली.

मग मीही तोच मिस्त्री बोलावला. त्याच्या हाताखालची बाई भात लावणीसाठी सुरगाण्याला गेलेली, माल कालवायला कुणी नाही. आमच्या जाऊबाई पदर खोचून हजर. मिस्त्री म्हणाला, "ताई, तुमचा हात लय साफ हाय." माझी भिंत, आणि हात हिचा? मी घमेलं ओढून घेतलं. म्हटलं, मी कालवते.

हल्ली वाळू-सिमेंट नसतं गं, गोणीतून तयार पीठच येतं. मी पाणी घालून मळलं. थोड्या वेळाने घट्ट वाटलं, तशी भाकरीच्या पिठाला देतो तसा वरून पाण्याचा हबका दिला. मिस्त्रीने कपाळाला हात लावला. "मावशी, आता पाणी नाय घालायचं. नुसतं परत ढवळलं की सैल होतं. हा माल टाइल धरणार नाय, टाका तो."

जाऊबाई दारातून म्हणाल्या, "अक्का, तव्यावर कधी टाकताय?"

दुसरं घमेलं मी तिला शिवू दिलं नाही. आधी पाणी, मग पीठ, गुठळी मोडेपर्यंत ढवळलं, जरा मुरू दिलं, पुन्हा ढवळलं. मिस्त्रीने दातेरी थापी फिरवली तर फणीने भांग पाडावा तशा रेघा उभ्या राहिल्या. गॅसमागची अख्खी भिंत त्याच मालावर बसवली त्याने.

भिंत वाळल्यावर बघते तर काय, जाऊबाई माझ्या ओट्यापाशी उभ्या, बोटांनी टकटक चाललेली.

"वाजव, सगळ्या वाजव," मी म्हटलं.

"तुम्ही नव्हत्या वाजवत माझ्या? दुधाची पिशवी घेऊन जिन्यात थांबायचे मी, तुमचं होईपर्यंत."

मी चहाचं आधण ठेवलं. तोंडातल्या तोंडात म्हटलं, "मग, सापडली का पोकळ?"

"नाही," ती म्हणाली, आणि माझ्याच हातचा चहा पिऊन गेली.

तिने मान्य केलं, पण तेवढ्याने माझं समाधान होत नाही गं. माझ्या स्वयंपाकघरात अजून तुमच्यापैकी कुणी जेवलेली नाही. ती सांगत होती, पुढच्या गुरुवारी तू तिच्याकडे थालीपीठ खायला येणार आहेस. तू बुधवारीच ये माझ्याकडे. पोटभर जेव, रात्री राहा. गुरुवारी वाटलंच तर जा पलीकडे.