गवताची खोली

आमच्या घाटमाथ्यावरच्या गावात पावसाळ्याआधी घरादारांना, दुकानांना झड बांधत. भिंतीपासून तीन हात पुढे बांबू रोवायचे, त्यांना कारवी आणि गवत आवळायचं, म्हणजे तिरका पाऊस भिंतीला लागत नाही. दिवाळी झाली की झड सोडून चुलीत घालायची. इथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. नगरपालिकेच्या कारकुनाला नव्हतं, आणि त्यापायी मी दोन वर्षं डोकं फोडून घेतलं.

आईची खानावळ होती, गिऱ्हाईक बहुतेक रेल्वेतलं. पाणी मात्र खालच्या टाकीवरून आणावं लागे, डोक्यावर हंडे घेऊन, चढ चढून. तिचे गुडघे पार गेले होते. मी शाळेत मास्तर. मला ती हंड्याला हात लावू देत नसे. मास्तराच्या डोक्यावर हंडा बरा दिसत नाही म्हणे! शेवटी मी नळासाठी अर्ज केला.

नळ हवा तर आधी जागेची मोजणी आणि दुकानपट्टीची आकारणी. सोलापूरकडून नुकताच नोकरीला आलेला कारकून टेप घेऊन उगवला तो भर श्रावणात. आईने त्याला झडीच्या आडोशाला पाट मांडून दिला.

"हितं बसा, सायेब. हितं थेंब येत न्हाई," ती कौतुकाने म्हणाली.

त्या गृहस्थाने चहा प्यायला आणि लिहून घेतलं, 'रस्त्याच्या अंगास एक बंदिस्त खोली.' मी तेव्हा शाळेत होतो.

पट्टी त्या खोलीसकट आली. भरल्याशिवाय नळ नाही, म्हणून चडफडत भरली आणि हरकतीचा अर्ज टाकला; मग त्याचा निकाल लागेपर्यंत नळही अडकला. त्या अर्जाची तपासणी व्हायला चैत्र उजाडला. ओव्हरसियर आला, त्याने मोकळा रस्ता पाहिला. मला वाटलं, सुटलो!

"खोली पाडलीत कधी?" त्याने विचारलं. "पाडायचा परवाना दाखवा."

"अहो, खोली नव्हतीच. झड होती. चुलीत गेली."

"नव्हती, तर पट्टी कशाची भरलीत?"

पुढचं वर्षभर मी सुवाच्य अक्षरात अर्ज लिहीत होतो आणि आई चढ चढत होती. एकदा ती वाटेतच बसली, हंडा लवंडला. त्या संध्याकाळी ती म्हणाली, "आसू दे खोली. त्यास्नी म्हणावं, खोली हाय. पण नळ द्या." मी दातओठ खात तसं लिहून दिलं.

नळ पंधरा दिवसांत आला. मिस्त्रीने नकाशा उघडला आणि खोलीच्या आत, म्हणजे भर रस्त्यात, तोटी उभी केली. मी ओरडलो, हात जोडले. तो नकाशावर बोट ठेवून म्हणाला, "मास्तर, यात रस्ता कुठं आहे?"

दुसऱ्या दिवशी पहाटे बाहेर आलो, तर नळाला आळीभरच्या घागरी लागलेल्या. स्वतःच्याच नळावर आई रांगेत पाचवी. माझं टाळकंच सटकलं. सगळ्यांना हाकलायला निघालो, तर तिने दंड धरला.

"गप ऱ्हा. चढ तर वाचला."

तिचा नंबर आला. भरलेला हंडा मी उचलून डोक्यावर घेतला. त्या दिवशी तिने मला अडवलं नाही; भिंतीला धरून माझ्यामागून आली.