साहेबांना रोमन सम्राट समजावताना

जर्मनीत आखनला पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला होते तेव्हा आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. अध्यक्ष म्हणजे वीस वर्षांपूर्वी इथे आलेले, मोटारींच्या सुट्या भागांच्या कंपनीत मॅनेजर असलेले गृहस्थ. त्यांनी फोन केला की समोरच्याने नाही म्हणायचं नसतं, असा मंडळात अलिखित नियम होता.

"साहेब येताहेत," ते म्हणाले. "अभ्यास दौरा आहे. शनिवारी सकाळी तू त्यांना रोमन म्युझियम दाखवायचंस. तुझं जर्मन चांगलं आहे."

साहेब म्हणजे एके काळी घराघरात पाहिल्या जाणाऱ्या मालिकेतले कर्तबगार जावई. मालिका संपली आणि ते आमदार झाले. जावई म्हणून ते जितके लाडके होते तितकेच आमदार म्हणूनही, कारण लोकांनी मत जावयालाच दिलं होतं. मधल्या काळात त्यांनी दोनदा पक्ष बदलला. जावई मात्र तोच राहिला.

मी पोलादाला तडे का जातात यावर संशोधन करत होते. रोमन सम्राटांबद्दल मला शाळेतल्या इतिहासाइतकंच माहीत होतं. पण म्युझियममध्ये गाइड होत्या, मला फक्त भाषांतर करायचं होतं. निवृत्त लॅटिन शिक्षिका, सत्तरीच्या, बारीक, काठीचा आधार घेणाऱ्या, पण बोलायला लागल्या की काठी हवेत फिरवणाऱ्या. साहेबांसोबत त्यांचे सहायक होते. त्यांचं एकच काम होतं, फोन उंच धरून साहेबांकडे तोंड करून उलटं चालणं.

पहिल्या दालनात बाईंनी घोड्याची गोष्ट सांगितली. एका सम्राटाला आपला घोडा इतका आवडायचा की त्याला संगमरवरी तबेला आणि हस्तिदंती गव्हाण दिली होती, आणि पुढे त्याला राज्यातलं सर्वांत मोठं पद द्यायचा विचार होता, असं जुने इतिहासकार लिहितात. मी भाषांतर केलं आणि साहेब हसतील म्हणून थांबले.

साहेब हसले नाहीत. गंभीरपणे म्हणाले, "विरोध कोणी केला?"

मी विचारलं. बाई म्हणाल्या, उघडपणे विरोध करायची कोणाची हिंमत होती?

"मग झालं तर," साहेब म्हणाले. "एकमताने झालं असतं. आमच्याकडे साधा सभापती करायचा तर चार-चार महिने जातात."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. साहेब काय म्हणाले?

"त्यांना रोमच्या सिनेटच्या कामकाजात रस आहे," मी जर्मनमध्ये म्हणाले.

"अरे वा, छान!" बाई खूश झाल्या, आणि दुप्पट उत्साहाने पुढे निघाल्या. माझं पहिलं पाप ते. मग एकामागोमाग एक होत गेली.

दुसरा सम्राट गायचा. स्वतःला मोठा कलावंत समजायचा. तो गात असताना कोणी थिएटर सोडायचं नाही, दारं बंद. म्हणे काही लोक मेल्याचं सोंग घ्यायचे, म्हणजे निदान प्रेत म्हणून तरी बाहेर नेतील. त्याने टाळ्या वाजवायला हजारो तरुण ठेवले होते आणि त्यांना टाळ्यांचे प्रकार शिकवले होते. एका प्रकाराचं नाव मधमाश्या, एकाचं कौलं, एकाचं विटा. बाईंनी काठी काखेत धरून तिन्ही वाजवून दाखवल्या. घुमणारी, मग ओंजळीची पोकळ, मग सपाट तळव्यांची कडक. दालनातले दोन जपानी पर्यटक थांबून बघू लागले.

साहेब सहायकांना म्हणाले, "हे टिपून घ्या." सहायकांनी टिपून घेतलं. मला वाटलं चेष्टा असेल. चेष्टा नव्हती.

त्याच सम्राटाने रथांच्या शर्यतीत भाग घेतला, रथातून पडला, शर्यत पूर्णही केली नाही आणि तरी त्यालाच विजयी मुकुट मिळाला. यावर साहेब म्हणाले, "पंच अनुभवी असणार."

शेवटच्या दालनात दगडी डोकी होती. बाईंनी एका डोक्याला वळसा घालायला सांगितला. समोरून चेहरा लहान, आवळलेला. मागून कवटी भलतीच मोठी, कानही त्या चेहऱ्याच्या मानाने फार मोठे. बाई म्हणाल्या, सम्राट पडला की त्याचा पुतळा टाकून द्यायचे नाहीत, संगमरवर महाग. जुन्या चेहऱ्यावर छिन्नी चालवून नव्याचा चेहरा काढायचे. नाक लहान होतं, गाल बसतात, पण कानांचं फारसं काही करता येत नाही. कान जुन्याचेच राहतात.

साहेबांच्या मतदारसंघातल्या फ्लेक्सवर पक्ष बदलताना दोनदा नव्या पुढाऱ्यांचे चेहरे चिकटवले गेले होते, आणि दुसऱ्या वेळी घाईत खाली झाकलेल्या जुन्या पुढाऱ्याचा फेटा तसाच राहिला होता. तो फोटो आम्हा सगळ्यांच्या फोनवर येऊन गेला होता. साहेब त्या डोक्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "आणि जुना माणूस? त्याचं पुढे काय व्हायचं?"

मी बाईंना विचारलं. बाई सहज म्हणाल्या, "बहुतेक वेळा ठार करायचे."

साहेब माझ्या तोंडाकडे बघत होते. त्या क्षणी ते जावई नव्हते, आमदारही नव्हते. साधे पन्नाशीचे, थकलेले गृहस्थ होते.

"निवृत्त व्हायचे," मी म्हणाले.

"हं," साहेब म्हणाले, आणि सहायकांना त्या डोक्याशेजारी फोटो काढायला सांगितलं.

दुपारी तीनला मंडळाचा कार्यक्रम होता. एका शाळेचा व्यायामाचा हॉल आम्हाला पाचपर्यंत मिळाला होता. अध्यक्षांनी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर सूचना टाकल्या होत्या. साहेब आल्यावर उभं राहून टाळ्या. भाषणात प्रत्येक वाक्याला नको, प्रत्येक मुद्द्याला. गाण्याला ठेका धरून. मला विटा आणि कौलं आठवली. तरीही मी सूचनेबरहुकूम वाजवल्या. दुसऱ्या रांगेत होते, दिसत होते, शिवाय मंडळाने मला पहिल्या वर्षी खोली शोधून दिली होती.

भाषण चार वाजून चाळीस मिनिटांनी संपलं. हॉलच्या मागे बटाटेवडे झाकून ठेवले होते, ते गार होत होते. पण साहेबांनी माइक सोडला नाही. मालिकेचं शीर्षकगीत सुरू केलं. त्याला पाच कडवी आहेत हे टीव्हीवर कधी कळलं नव्हतं.

तिसऱ्या कडव्याला पाच वाजले. मागचं दार उघडलं आणि आठ म्हाताऱ्या जर्मन बायका काखेत निळ्या चटया घेऊन आत आल्या. पुढच्या बाईंनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं आणि मोठ्याने म्हणाल्या, "पाचपासून हॉल आमचा आहे."

अध्यक्ष धावले. कमरेत वाकून समजावू लागले की पाहुणे मोठे आहेत, भारतातले लोकप्रतिनिधी आहेत.

"छान," बाई म्हणाल्या. "पण पाचपासून आमचा व्यायामाचा वर्ग आहे."

आणि त्यांनी चटया पसरल्या. थेट व्यासपीठासमोर. खांदे गोल फिरवायला सुरुवात केली, मग हात वर, मग कमरेतून डावीकडे, उजवीकडे. साहेबांना वाटलं, गाण्याने भारावून बायका नाचू लागल्या. त्यांनी हात जोडले, "जर्मन भगिनींचंही स्वागत!" म्हणाले, आणि चौथं कडवं आणखी वरच्या पट्टीत उचललं. मग एका बाईने शांतपणे आपला स्पीकर लावला. पोल्का नाचाचं संगीत इतक्या जोरात आलं की साहेबांचा आवाज त्यात बुडाला. ते तोंड हलवत राहिले, पण ऐकू काही येईना. शेवटी माइक खाली ठेवून ते उतरले. आम्ही वडे पार्किंगमध्ये उभ्याने खाल्ले.

दोन दिवसांनी व्हिडिओ आला. सहायकांनी पोल्का काढून टाकला होता, साहेबांचं गाणं नव्याने बसवलं होतं आणि वर लिहिलं होतं, जर्मन महिलांनी धरला साहेबांच्या गाण्यावर ठेका. आईने तो मला पाठवला, खाली लिहिलं, "अगं, तू दिसतेस बघ, टाळ्या वाजवताना." बाबांनी तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला.

मी खरं काय घडलं ते आईला सांगायला घेतलं. ती मध्येच म्हणाली, "पण बायका हात तर वर करतच होत्या ना?"

करत होत्या.

साहेब पुन्हा निवडून आले. अध्यक्षांनी मला मंडळाचं प्रमाणपत्र दिलं. आता मी नोकरीसाठी अर्ज पाठवते तेव्हा सीव्हीत पोलादाच्या तड्यांखाली एक ओळ असते, 'सांस्कृतिक प्रतिनिधिमंडळासाठी दुभाषी.' एका मुलाखतीत विचारलं गेलं, अवघड होतं का हे काम? मी म्हणाले, "अजिबात नाही." नोकरी मिळाली.