तोंड धुण्याआधी

सहदेव आळशी होता असं घाटकोपरच्या चाळीत कुणी म्हणालं तर अजिबात ऐकू नका. माणूस झोपायचा खरा, पण त्याची झोप म्हणजे ओव्हरटाइम होता, तोही फुकटातला!

सत्तरच्या सुमाराला अंधेरीच्या एका औषध कंपनीत कॉम्प्युटर आला. सहदेव आणि त्याचा मामेभाऊ गुणाजी, दोघंही तिथे, मशीनला वाचता यावं म्हणून कार्डांना भोकं पाडणारे ऑपरेटर. कोकणातून बरोबरच आलेले, एकाच खोलीत राहणारे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची एक जागा निघणार होती, आणि सहदेवचा सगळा जीव त्या जागेत अडकला होता. दिवसभर अडलेलं कोडं डोक्यात घेऊन तो आडवा व्हायचा आणि सकाळी उत्तर घेऊन उठायचा. थट्टा नाही, खरंच!

आता त्याच्या आईची शिकवण अशी, की स्वप्न तोंड धुण्याआधी आपल्या माणसाला सांगावं; नाहीतर चूळ भरली की ते पाण्याबरोबर जातं. मुंबईत आपलं माणूस म्हणजे गुणाजी. त्याची पाळी सकाळची, पण निघण्याआधी तो सहदेवच्या उशाशी चहा घेऊन बसायचा. "काय बघलंस रे?" सहदेवला वाटायचं, केवढी ही माया!

एकदा औषधांच्या साठ्याचा प्रोग्रॅम अडला. शेवटचं कार्ड वाचून झालं तरी मशीन थांबेना, पुढचं कार्ड मागत राही. साहेब म्हणाले, हे जो सोडवेल त्याचीच ती जागा. सहदेव तेच घोळवत झोपला. स्वप्नात गावची पंगत. वाढपी भात वाढतोय. माणसं संपली तरी रिकाम्या अंगणात वाढत सुटलाय. तेवढ्यात आई आली आणि शेवटच्या माणसापुढे तिनं एक पत्रावळ उपडी ठेवली. वाढपी थांबला.

"उपडी पत्रावळ, गुणाजी!" सहदेव ताडकन उठून बसला. "सगळ्यात शेवटी नुसते नऊचे आकडे भरलेलं एक खोटं कार्ड ठेवायचं. ते दिसलं की मशीननं थांबायचं."

"झकास!" म्हणत गुणाजी चहा तसाच टाकून निघाला.

दुपारी सहदेव पाळीवर गेला, तर मशीन सुरळीत चालू आणि पेढे वाटणं चाललेलं. साहेबांचा हात गुणाजीच्या खांद्यावर. सहदेव वाट बघत राहिला, आता माझं नाव घेईल, आता घेईल. कसलं काय! गुणाजीनं त्याच्या हातावरही पेढा ठेवला. "सहज सुचलं रे," म्हणाला.

"साहेब, ते माझं... मला स्वप्नात दिसलं होतं," सहदेव बोलून गेला. सगळे खो खो हसले. स्वप्नाला साक्षीदार एकच, आणि तोच चोर! केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. परक्यानं केलं असतं तर सहदेव भांडला असता. हा तर मामाचा मुलगा, एका ताटात जेवलेला.

मुंबईत दुसरी खोली काय वाटेवर पडलीय? राहिला तिथेच. बोलणं तेवढं तुटलं. गुणाजीनं लिहायचं आणि सहदेवनं त्याची कार्डं पाडायची, असे दिवस आले. मग एकदा गुणाजी अडला. दोन औषधांचे आकडे एकमेकांच्या जागी टाकायचे, तर दरवेळी एक आकडा पुसला जाई. कार्डं पाडता पाडता ते कोडं सहदेवच्याही डोक्यात शिरलं. सवय कुठली सुटायला!

सकाळी डोळे उघडले तर उशाशी चहा. "काय बघलंस रे?" तोच गोड आवाज.

सहदेव उठला, तांब्या घेतला आणि मोरीत बसून खळखळून चूळ भरली.

"गेलां सपान. पाण्याबरोबर गेलां," सहदेव म्हणाला. गुणाजी पाय आपटत निघून गेला.

आणि सहदेव तोंड पुसू लागला, तर स्वप्नातल्या दोन कोळणी अजून डोळ्यांसमोर उभ्या. एकमेकींच्या टोपल्यांतली मासळी अदलाबदल करायची म्हणून त्यांनी तिसरी रिकामी टोपली मागून आणली होती. सगळं जसंच्या तसं आठवत होतं. चूळ भरून काहीच गेलं नव्हतं. म्हणजे इतकी वर्षं गुणाजीला काही सांगायची गरजच नव्हती.

"आई गं, हे काय शिकवलंस मला?" म्हणत तो मोरीतच खाली बसला आणि ढसाढसा रडला.