पाळकसाहेबांचा सोमवार

आमच्या चर्चचे पाळकसाहेब कुणाला 'नाही' म्हणाल्याचं मी बावीस वर्षांत ऐकलं नव्हतं. मी तिथे ऑर्गन वाजवतो. कुणी आजारी असो, कुणाचं लग्न मोडायला आलेलं असो, साहेबांना फोन गेला की पलीकडून ठरलेले दोन शब्द यायचे, "हो, येतो." पायाला भिंगरीच लावलेली. त्यांची बायको शाळेत भूगोल शिकवायची. ती म्हणायची, "आमच्या घराचा नकाशा अगदी सोपा. इकडे चर्च, तिकडे दवाखाना आणि मधल्या ओसाड प्रदेशात मी."

आम्ही हसायचो. पाळकसाहेबही हसायचे.

त्या हिवाळ्यात मात्र त्यांचं काहीतरी बिनसलं. धुकं दहा-दहा वाजेपर्यंत रस्त्यावर रेंगाळायचं आणि साहेबांना वाटायचं, ते आपल्या डोक्यातही शिरलंय. हे त्यांनी मला फार नंतर सांगितलं. समोरच्या माणसाचे ओठ हलताना दिसायचे, शब्द मागाहून पोचायचे. एकदा दवाखान्याच्या जिन्यात ते कठड्याला धरून दहा मिनिटं उभे राहिले. आपण रोग्याला भेटायला वर चाललोय की भेटून खाली उतरतोय, हेच त्यांना आठवेना. शेवटी एका परिचारिकेने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "चाललोय." कुठे ते तिनेही विचारलं नाही.

अशातच एका दुपारी शिवणकाम करणाऱ्या बाई त्यांना भेटायला आल्या. बाई सत्तरीच्या. गायकवृंदाचे झगे त्याच शिवायच्या. त्यांची थोरली बहीण पंधरा दिवसांपूर्वी वारली होती. दोघी चाळीस वर्षं एकाच घरात, एकाच मशीनवर, आळीपाळीने काम करत राहिलेल्या.

चर्चच्या बाजूच्या छोट्या खोलीत दोन खुर्च्या, गीतपुस्तकांचं पत्र्याचं कपाट आणि दुधी काचेची एक खिडकी आहे. त्या काचेतून ऊन आत येतं ते ऊन वाटतच नाही, कुणी पांढरा कपडा पसरून ठेवावा तसं टेबलावर पडतं. बाई बोलू लागल्या. ताई आधी कशी खोकायची, मग कशी जेवेनाशी झाली. साहेब त्या पांढऱ्या उजेडाकडे बघत होते. उजेड हळूहळू पसरत त्यांच्या हातांवर आला, कोपरापर्यंत चढला. कुठूनतरी मशीनचा टकटक आवाज येतोय असं त्यांना वाटलं. दोन बहिणी मिळून एक न संपणारं कापड शिवतायत, ते कापड खिडकीतून बाहेर, छपरांवरून लांब कुठेतरी चाललंय, आणि आपण त्याच्यावर पाठ टेकून निघालोय...

जाग आली तेव्हा काच करडी झाली होती. बाई समोरच बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर साहेबांचा कोट होता आणि त्या त्याच्या बाहीला टाके घालत होत्या.

"उठलात? उसवली होती," बाई म्हणाल्या.

साहेब ताडकन उभे राहिले. "किती वेळ झाला?"

"तीन तास होतील. तुमचा फोन सारखा गुरगुरत होता, तो मी दोऱ्याच्या पिशवीत घातला. आणि दाराला ती पाटी लावली, 'उपासना चालू आहे, शांतता राखा.'"

"बाई, मला माफ करा. तुम्ही आपलं दुःख सांगत होतात आणि मी..."

"सांगून झालं माझं. तुम्ही झोपलात म्हणून मी थांबले नाही. उलट बरंच झालं, मध्येच कुणी 'देवाची इच्छा' म्हणालं नाही." बाईंनी दातांनी दोरा तोडला. "पण मी आले होते वेगळ्याच कामाला. सांगू?"

"सांगा ना."

"ताईच्या अंत्यविधीत तुम्ही तिच्या नावाऐवजी माझं नाव घेतलंत. तीनदा. लोक माझ्याकडे वळून बघत होते. आपण जिवंत आहोत हे उठून सांगावं की काय, असं मला झालं."

साहेब पुन्हा खुर्चीत बसले. त्यांना त्यातलं काहीएक आठवत नव्हतं.

"मला राग नाही आला," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज हलला. "पण ताईचं नाव तेवढं राहिलंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब बाईंना घेऊन कबरीवर गेले. धुक्यात दोघंच. त्यांनी सगळी प्रार्थना पुन्हा म्हटली, ताईच्या नावाने. मग घरी येऊन स्वयंपाकघरात बसले आणि बायकोला म्हणाले, "मला बरं नाही." इतक्या वर्षांत हे वाक्य त्या घरात फक्त बाहेरच्यांनी उच्चारलं होतं. बायकोने शाळेत रजा कळवली आणि त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, शरीराला तसं काही झालेलं नाही, माणूस मात्र पार रिता झालाय. महिनाभर पूर्ण विश्रांती, आणि पुढे आठवड्यातला एक दिवस सक्तीची सुट्टी.

चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचांच्या बैठकीत कुरबुर झाली. कुणी म्हणालं, "देवाच्या सेवेला कसली सुट्टी?" तेव्हा आमचे सगळ्यात वयस्कर पंच उठले. त्यांनी आयुष्यभर लांब पल्ल्याची बस चालवली, म्हणून आम्ही त्यांना ड्रायव्हरकाका म्हणतो.

"आठ तास झाले की आम्हाला गाडीवरून खाली उतरवायचे," काका म्हणाले. "आमची दया येऊन नव्हे. मागे पन्नास माणसं झोपलेली असायची म्हणून. सोमवारी साहेबांना कुणी फोन करायचा नाही. माझा नंबर घ्या."

विश्रांतीचा महिना संपल्यावर पहिल्या सोमवारी साहेब घरात चोरासारखे वावरले. दुसऱ्या सोमवारी बायकोने त्यांना नगरपालिकेच्या जलतरण तलावावर नेऊन सोडलं. लहानपणी ते पट्टीचे पोहणारे होते. तिथे ते पोहलेच नाहीत, नुसते उताणे तरंगत राहिले. वर काचेचं छप्पर, त्यावर सरकणारे ढग. आपण तरंगतोय की छप्पर वाहतंय, तेच कळत नव्हतं. त्यांना रडू आलं, पण पाण्यात रडण्याचा एक फायदा असतो, कुणी चौकशी करत नाही.

वसंतात एका सोमवारी आमचा म्हातारा सुतार गेला. साहेबांची सुट्टी होती, शेवटच्या घटकेला ड्रायव्हरकाका त्याच्याजवळ होते. मंगळवारी साहेब पोचले तेव्हा सुताराची मुलगी दारातच म्हणाली, "बाबांनी तुम्हाला विचारलं होतं."

ते वाक्य साहेबांना तोंडात मारल्यासारखं लागलं. त्यांनी सबब सांगितली नाही. दिवसभर तिच्याजवळ बसले. संध्याकाळी तीच म्हणाली, "काका चष्मा विसरून आले होते. प्रार्थना सगळी चुकली. पण बाबांचा हात शेवटपर्यंत सोडला नाही त्यांनी."

घरी येताना साहेबांच्या मनात आलं, सोमवार सोडून द्यावा. बायकोला तसं बोलूनही दाखवलं. ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "सुतारकाकांचा हात ज्यांनी धरला, त्यांना तो मान तुम्ही नव्हतात म्हणून मिळाला."  पुढच्या सोमवारी साहेब तलावावर गेले, जड मनाने, पण गेले.

उन्हाळ्यात दोघं आठ दिवस समुद्राकाठी राहून आली. त्यांच्या बायकोने मला सांगितलं, की तिसऱ्या दुपारी साहेब खिडकीशी झोपले होते. पडदा फुगत होता, बसत होता, आणि ते झोपेतच खळखळून हसले. तिने हलवून विचारलं, "अहो, काय झालं?"

"आठवत नाही," ते डोळे न उघडताच म्हणाले. "गाढवाचं काहीतरी स्वप्न होतं." आणि कुशीवर वळून पुन्हा झोपले.